गरम तळवे, गार तळवे

"आज पाळीत यांचा पुन्हा डोळा लागला, तर शेठ यांना कामावरून काढणार," रूपाली म्हणाली. "ताई, कोण उठलंय आमच्या मुळावर?"

डिंडोलीतल्या त्या खोलीत प्रज्ञा साळवे बसली होती. सुरतेत खासगी तपास करणारी बाई म्हणून तिचं नाव होतं. तिचा साथीदार, रिक्षावाला सोमा, दाराशी उभा होता. हिला सुचतं ते आपल्याला का सुचत नाही, ही त्याची जुनी जळजळ.

रूपालीचा नवरा प्रमोद पलसाण्याच्या कापड रंगाईच्या कारखान्यात कामाला होता. दिवसा अवचित झोप येण्याचा त्याला आजार. सकाळच्या गोळीवर तो ठणठणीत होता, पण सुपरवायझर झाला आणि उभ्याउभ्या पेंगू लागला.

प्रज्ञाने शेजारी बसलेल्या प्रमोदचा हात धरला. "तळवा तापलाय की!"

"आजाराचं असंच, ताई. गोळी लागू पडायची तेव्हा माझे हात गार असायचे."

रूपालीने चहा दिला. तिची बोटं प्रज्ञाला लागली. "तुझी मात्र बर्फ!"

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही. त्या जयश्रीपायी. यांच्या खात्यात आहे, यांच्याशी हसते."

"अगं, ती सगळ्यांशीच हसते!" प्रमोद म्हणाला.

"मग घरी येऊन मलाच का सांगता?"

सोमा कुजबुजला, "हीच, ताई. नवऱ्याची नोकरी सुटली की जयश्री सुटली."

प्रज्ञाने प्रमोदच्या खात्यातल्या मारुतीला फोन लावून स्पीकरवर ठेवला. सुपरवायझरची जागा त्यालाही हवी होती.

"हवी होती, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या घराचा उंबरा मी पाहिलेला नाही." रूपालीनेही मान डोलावली.

इतक्यात शेजारच्या खोलीतून प्रमोदचा मोठा भाऊ विकास आला. कारखान्याच्या रंगखोलीत रंग तोलायचं त्याचं काम. चहात साखर घालताना चमचा जास्त भरला, तशी त्याने उरलेली डब्यात परत टाकली.

"रंगखोलीची सवय," तो हसला. "काढलेलं मोरीत टाकायचं नाही, डब्यात घालायचं. धाकटा साहेब झाला, आनंद आहे."

फळीवर दोन बाटल्या होत्या. एकीत प्रमोदच्या गोळ्या, दुसरीत रूपाली रात्री जेवणानंतर घ्यायची त्या कॅल्शियमच्या. पाकिटं दमटतात म्हणून ती गोळ्या काढून ठेवायची. दोन्ही पांढऱ्या.

प्रज्ञाने रिकामी पाकिटं मागवली आणि गोळ्यांवरची अक्षरं ताडून पाहिली.

"बाटल्यांतल्या गोळ्यांची अदलाबदल झालीय. हातापायांतून ऊब बाहेर पडली की माणसाला झोप येते. प्रमोदचं तेच होतंय, कारण त्याच्या पोटात औषधच नाही. ते रूपाली रोज रात्री घेते, म्हणून हिचे हात गार आणि झोप नाही. जयश्रीला उगाच दोष."

सोमाचं तोंड पडलं. "मग रूपाली?"

"स्वतः अदलाबदल करून स्वतःच गिळेल? मारुती घरात आलेला नाही. आणि दुसरा कोणी असता, तर काढलेल्या गोळ्या गटारात फेकून मोकळा झाला असता. ज्याच्या हाताला फेकायची सवय नाही, त्याने त्या दुसऱ्या बाटलीत भरल्या."

सगळे विकासकडे पाहू लागले.

"मन्हा हक व्हता तो!" विकास ओरडला. "लहानपणापासून हा आजारी म्हणून दुधावरची साय याला. शाळा याला. मी सोळाव्या वर्षी रंगात हात घातले. आता यालाच साहेब म्हणू?"

"दादा, पेंगताना माझा हात मशीनमध्ये गेला असता."

"तेवढं मनात नव्हतं."

"मग किती होतं?"

विकासने फळीवरच्या दोन्ही बाटल्या काढून प्रज्ञापुढे ठेवल्या.

"सोमा, रिक्षा काढ," प्रज्ञा म्हणाली. "आधी डॉक्टरकडे, मग कारखान्यात."

प्रमोदने चपला घातल्या. "दादा, चल. शेठपुढे तू बोलायचं."

"माझी नोकरी जाईल रे."

"जाईल," प्रमोद म्हणाला, आणि रिक्षात सरकून त्याने भावाला जागा करून दिली.