आधी पाव, मग बतूल

मोरोक्कोमधल्या तेतुआनच्या जुन्या शहरातली आमची गल्ली इतकी अरुंद, की समोरून डोक्यावर पावांची फळी घेतलेला माणूस आला की रिकाम्या हाताच्या माणसाने मागे सरायचं. ही वहिवाट कुणी लिहून ठेवली नव्हती, पण कुणी मोडलेलीही नव्हती. गल्लीतल्या सगळ्या भट्ट्या चालू होत्या, तेव्हाचे हे दिवस. त्या फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मात्र ही वहिवाट मोडली, आणि तीही बतूलमुळे.

कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले होते. बतूल त्या दिवशी पहिल्यांदा एकटी घराबाहेर पडली होती. घोळदार, पायघोळ जलाब्याच्या आत कमरेला पट्टा करकचून बांधलेला, घराकडे परतताना एक हात भिंतीला, आणि नजर दगडांवर. वळायचं झालं तर तिला पाण्याच्या रांजणासारखं सगळं अंग उचलून फिरवावं लागे. आणि नेमका त्याच वेळी, कोपऱ्यावरून, डोक्यावर फळी घेऊन तहामी आला.

तहामी म्हणजे गल्लीच्या खालच्या टोकाच्या भट्टीचा मालक. बायका घरोघरी पाव मळायच्या, त्यावर आपापल्या घराची खूण उमटवायच्या आणि भाजायला त्याच्याकडे पाठवायच्या. ज्या घरात आणायला कुणी नसे, तिथे भाजलेले पाव तो स्वतः पोचवायचा.

"मागे सरा!" तो सवयीने ओरडला. मग त्याने फळीखालून डोळे वर केले. "अरे... बतूल?"

"मला मागे सरता येत नाही. डॉक्टरांनी फक्त पुढे जायला सांगितलंय."

"असा डॉक्टर आपल्या गल्लीत आधीच यायला हवा होता," तो म्हणाला, आणि एक एक पाऊल मागे टाकत जाऊ लागला. फळीवरचे गरम पाव डुलत होते. त्यांचा वास तिच्या तोंडावर येत होता. सात आठवडे घरात आलेल्या पावांना हा वास होताच, पण तो पोचेपर्यंत निम्मा विरलेला असे. बतूलने डोळे मिटून तो पोटभर ओढून घेतला.

"पायात काय घातलंयस हे?" तो हसला. "जलाब्याखाली खेळाचे बूट! शर्यतीला निघालीस की काय?"

"हो. आणि तू हरतोयस. बघ, मागेच चाललायस."

"कशी आहेस?" त्याचा आवाज एकदम खाली आला.

"तुला काय त्याचं? तुझे पाव कसे आहेत ते बघ. तू काय, आधी पाव, मग बतूल!"

तहामीचे कान लाल झाले. हा टोमणा कुठून आला हे त्याला ठाऊक होतं आणि गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं.

डिसेंबरमधली गोष्ट. बतूलच्या पायात महिनाभर कळा येत होत्या, पण ती कुणाला दाद लागू देत नव्हती. अशाच एका सकाळी सहा पावांची फळी घेऊन ती भट्टीवर गेली, ओट्यावर ठेवायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. पायातलं बळ गेलं, फळी सुटली. तहामी झेपावला आणि त्याने... फळी पकडली. एकही पाव पडू दिला नाही. बतूल मात्र धाडकन खाली बसली. अर्थात त्यात त्याचं फारसं चुकलं नव्हतं. आमच्याकडे जमिनीवर पडलेला तुकडासुद्धा उचलून, त्याचं चुंबन घेऊन, कपाळाला लावून बाजूला ठेवतात. आणि तहामीच्या हातून, त्याच्या वडिलांमागे भट्टी सांभाळायला लागल्यापासून, अकरा वर्षांत एक पाव जमिनीला लागला नव्हता. हात आपोआप तिकडेच गेले. पण हे बतूलला कोण सांगणार?

"एक सांगू?" तिच्या दाराशी पोचल्यावर तो म्हणाला. "रागावू नकोस."

"ते सांगितल्यावर ठरवीन."

"शुक्रवारी आई मला अराइशला नेतेय. एक मुलगी बघायला."

वर कुणीतरी गादी झटकत होतं. बतूलने पट्ट्यावरून हात फिरवला, जणू तोच सैल झाला होता. "चांगलं आहे. अराइशची मासळी चांगली असते."

"बतूल, तू नको म्हण. तू म्हणालीस तर मी जाणार नाही."

"मी कोण नको म्हणणारी?"

"म्हण ना... एकदा."

"पाव गार होतील," ती म्हणाली आणि आत गेली. दार लावताना तिला खाली वाकून कडी घालता आली नाही. बाहेरून त्यानेच हळूच दार ओढून घेतलं.

नको म्हणायला तिची जीभ शिवशिवत होती, खोटं कशाला सांगू? लहानपणापासून ती त्या भट्टीवर जायची. दोन वेण्या, डोक्यावर फळी. आत बापाच्या शेजारी राखेने माखलेला तहामी लांब दांड्याच्या फावड्याने पाव आत सरकवायचा. तिच्या घराच्या पावांवर तीन बारीक ठसे असायचे, भरतकामाच्या अंगुस्तानाचे. आधी आई उमटवायची, आई गेल्यावर बतूल. तिला करपट कडा आवडते हे तहामीला कधी कळलं, देव जाणे, पण तिचा एक पाव तो नेहमी निखाऱ्याकडच्या कोपऱ्यात ठेवायचा. वीस वर्षं दोघांनी एकमेकांना नुसतं चिडवलं, आणि गल्लीने वीस वर्षं वाट बघितली.

मग ऑपरेशन झालं. आणि हम्माममध्ये, म्हणजे बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात, तहामीची आई, हाज्जा मन्नाना, चार बायकांदेखत बोलून गेली, "पोरगी गुणी आहे हो. पण पाठ मोडलेली सून काय कामाची?" हे बतूलला तिच्या वहिनीने, रहीमूने सांगितलं. आधी बोलून बसली आणि मग स्वतःच रडली.

बतूल रडली नव्हती. तिला हाज्जाचं म्हणणं खोटं वाटलं नाही, हेच तर तिचं दुखणं होतं. सकाळी कुशीवर वळून, कोपरावर भार देऊन, आधी पाय खाली सोडून उठायचं. मोजे वहिनी घालणार. दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. हातातून सटकलेली वस्तू जमिनीवरच राहणार. एकदा तिचं अंगुस्तान पलंगाखाली गेलं. तीन दिवस ती समोरच्या खुर्चीतून त्याच्याकडे बघत होती आणि ते तिच्याकडे. कुणाला उचलून द्यायला सांगायची तिला लाज वाटली. भट्टीवाल्याच्या घरी सरपण असतं, पाणी असतं, येणारे-जाणारे पाहुणे असतात. तिथे आपण काय, शोभेची सुरई म्हणून बसायचं? दयेने कुणी घरात नेलेलं तिला नको होतं.

बुधवारी रात्रीची जेवणं उरकताना रहीमू म्हणाली, "परवा तो जाणार. तू अशीच भिंतीकडे बघत बस."

"वहिनी, उद्या कणीक मी मळणार."

"वेडी आहेस? परात जमिनीवर असते. वाकशील कशी?"

"परात टेबलावर ठेव. आणि मला एकाच पावाचं पीठ दे. एक पाव दोन किलोचा नसतो ना?"

रहीमूने तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि मुकाट्याने पिठाचा डबा काढला.

बतूलने मनात ठरवलं होतं. हा पाव स्वतः मळायचा, स्वतः ठसा मारायचा आणि स्वतःच्या पायांनी भट्टीपर्यंत न्यायचा. पोचले, तर त्याला नको म्हणून सांगायचं. नाही पोचले, तर तोंड बंद.

गुरुवारी सकाळी बारीक पाऊस पडत होता. आमच्याकडचा हिवाळी पाऊस आवाज करत नाही, नुसता दगड ओले करत बसतो. बतूलने उभ्याने कणीक मळली. पहिल्या पाच मिनिटांत घाम फुटला. पण तळव्याखाली पीठ हळूहळू मऊ पडलं, ओळखीचं झालं, आणि तिला इतकं बरं वाटलं की ती गुणगुणायला लागली. सात आठवड्यांत घरात कुणी तिचा आवाज असा ऐकला नव्हता. रहीमू दाराआड उभी राहून ऐकत होती. पाव फुगल्यावर बतूलने अंगुस्तान बोटात घातलं आणि तीन ठसे मारले. मग पाव फडक्यात घेतला, छातीशी धरला आणि निघाली.

चपला दुरुस्त करणाऱ्याने दाराला निळा रंग दिला होता. पुदिनावालीने जागा बदलली होती. नळाशेजारच्या मांजरीला चार पिल्लं झाली होती आणि ती एव्हाना चांगली धटिंगणही झाली होती. आपल्यावाचून इतकं सगळं घडून गेलं होतं. प्रत्येक जण विचारत होता, "बतूल, बरी आहेस ना?" आणि ती प्रत्येकाला "देवाची कृपा" म्हणत पुढे जात होती. थांबलं असतं तर धीर सुटला असता.

भट्टीकडे उतरायला चौदा पायऱ्या होत्या. बतूल त्या एक एक करून उतरत होती. नऊ झाल्या. खालून तहामी वर येत होता, डोक्यावर भलीमोठी फळी. निम्म्या गल्लीचे दुपारचे पाव होते तिच्यावर.

त्याने तिला पाहिलं. "थांब! ओलं आहे!"

"मी येतेय," ती म्हणाली. "तुला काहीतरी सांगायला..."

आणि दहाव्या पायरीवर तिचा पाय सटकला.

पुढचं सगळं एका श्वासात झालं. तहामीने डोक्यावरची फळी तशीच सोडून दिली. ती भिंतीवर आपटली, धाड् करून आवाज झाला, आणि तोवर बतूल त्याच्या दोन्ही हातांत होती, ताठ, जराही पीळ न बसू देता धरलेली. पाव पायऱ्यांवरून टणाटण उड्या मारत खाली चालले होते. कुणाचे काट्याने टोचलेले, कुणाचे किल्लीचा ठसा असलेले, हाज्जा मन्नानाचा स्वतःचा फुलीवाला पावसुद्धा.

"पाठ? पाठ कशी आहे? बोल ना!" तहामी पुन्हा पुन्हा विचारत होता.

"ठीक आहे... ठीक आहे रे." तिच्या काळजाचे ठोके त्याला ऐकू जात असणार, असं तिला वाटलं. मग तिला हसू आलं. "तहामी, पाव पाडलेस!"

"पडू देत."

"निम्म्या गल्लीचे!"

"पडू देत म्हटलं ना! आता तरी बोलणं बंद करशील? यावेळी आधी तुला धरलंय."

बतूलने मान खाली घातली. तिचा कच्चा पाव तिने सोडला नव्हता. दोघांच्या मध्ये दबून तो चपटा झाला होता आणि तहामीच्या छातीवर पिठाचा मोठा पांढरा गोल उमटला होता.

"यावेळी पाव मी धरला," ती म्हणाली.

त्याने फडकं बाजूला करून पाहिलं. बोटाने कडेला दाबून पाहिलं. "हा हात तुझा आहे. सात आठवडे ठसा तुझा यायचा आणि हात वहिनीचा. ती ठसा असा मारते की पावाने ओरडावं." त्याने फडकं पुन्हा नीट झाकलं. "मी रोज बघायचो. कधी तुझा हात येतो म्हणून."

"आणि करपट कडेचा पाव? तो तर रोज यायचा."

"हात कुणाचाही असो. खाणारी तूच होतीस ना?"

इतका वेळ घट्ट धरून ठेवलेलं सगळं बतूलच्या डोळ्यांतून वाहायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता. "तहामी, मला कळशी उचलता येणार नाही. कदाचित कधीच नाही. वाकून जमीन पुसता येणार नाही."

"हेच सांगायला आलीस?"

"नाही. सांगायला आले होते की... अराइशला जाऊ नकोस. मी नको म्हणतेय. ऐकलंस? नको."

त्याने तिला भिंतीशी नीट टेकवून उभं केलं आणि गुडघ्यांवर बसला. एक एक पाव उचलायचा, चुंबन घ्यायचं, कपाळाला लावायचं आणि फळीवर ठेवायचा. आता घराघरांतून डोकी बाहेर आली होती. आवाज तेवढा झालाच होता. बतूलला त्याच्याबरोबर पाव उचलायचे होते. तिचा हात आपसूक पुढे गेला, कंबर थोडी झुकली.

"खबरदार!"

पायऱ्यांच्या तळाशी हाज्जा मन्नाना उभी होती, हातात तिचा फुलीवाला पाव. तो घरंगळत थेट तिच्या उंबऱ्यापर्यंत गेला होता. तिने आधी पोराकडे पाहिलं, मग त्याच्या छातीवरच्या पिठाच्या गोलाकडे, मग बतूलच्या हातातल्या चपट्या पावाकडे. म्हातारीला सगळं कळायला तेवढं पुरलं.

"तुझ्या बापाने चाळीस वर्षांत एक पाव पाडला नाही," ती पोराला म्हणाली.

"माहीत आहे, आई."

"माझं बाळंतपण अडलं होतं, तेव्हासुद्धा आधी भट्टी रिकामी करून मग घरी आला."  पाऊस तिच्या रुमालावर बारीक ठिपके पाडत होता. "मी त्याला ते कधी माफ केलं नाही."

मग गुडघे धरत, कण्हत, हाज्जा खाली बसली आणि पायरीवरचा एक पाव उचलून ओठांना लावला. बतूल घाबरून पुढे सरकली. "लल्ला हाज्जा, तुम्ही राहू द्या! मी..."

"तू ताठ उभी राहा," म्हातारी तिच्याकडे न बघता म्हणाली. "वाकायला घरात आणखी माणसं आहेत."

 तहामीचा हात पावावर तसाच थांबला होता.

"आणि उद्या अराइशला नाही, तुमच्याकडे येतोय," हाज्जा पुढे म्हणाली. "रहीमूला म्हणावं, कुसकुस जरा जास्त टाक. पाव मात्र तू मळ."

त्या दुपारी निम्म्या गल्लीत घरोघरी पावात खडा लागला. आम्ही तो दाताखालून काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि जेवत राहिलो.