धोंडीबाचा चौथरा

सांगलीबाहेर, द्राक्षबागांना लागून असलेल्या एका विद्यापीठात कलाकेंद्राची दुमजली इमारत होती. खाली नाट्यगृह, वर शिल्पाचा वर्ग. चौऱ्याण्णव सालच्या मार्चमधली दुपार. संध्याकाळी प्रदर्शन उघडायचं होतं, म्हणून जिनेश सर वरच्या वर्गात स्वतः घडवलेलं एक मस्तक खाली आणायला निघाले होते. काम साधंच होतं, पण त्यांचा पाय निघत नव्हता.

मस्तक धोंडीबाचं होतं. जतकडचा हा म्हातारा मेंढपाळ मॉडेल म्हणून वर्गात बसायचा. वर्गाची एक रीत होती. मॉडेल लाकडी चौथऱ्यावर बसला की त्याच्या पावलांभोवती खडूनं रेघ मारायची, म्हणजे विश्रांतीनंतर पाय पुन्हा तिथंच येतात. आणि सर "मोकळे व्हा" म्हणेपर्यंत त्यानं जागचं हलायचं नाही. धोंडीबा ही रीत अगदी मनापासून पाळायचा.

गेल्या उन्हाळ्यात, वर्गात दोघंच असताना, तो म्हणाला होता, "मास्तर, छातीत कळ येतीया. उठू का वो?"

सर रंगात आले होते. "जरा थांबा. नाक राहिलंय."

नाक झालं, कान झाले. मग त्यांनी मान वर करून पाहिलं. धोंडीबा तसाच ताठ बसला होता, उघड्या डोळ्यांनी, कायमचा.

काम संपल्यावर शांतपणे गेला, असं सरांनी सगळ्यांना सांगितलं. त्याच मस्तकाला यंदा पहिलं बक्षीस होतं.

जिन्यापाशी पारूबाई उभी होती, धोंडीबाची बायको. केंद्रानं तिला मुद्दाम बोलावलं होतं.

"आवं मास्तर, येकच इचारते. त्येंनी उठू का म्हून इचारलं न्हवतं न्हवं? रोज सपनात येत्यात, बसल्यालंच. म्हनत्यात, मास्तरांनी अजून सोडलं न्हाई..."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"नाही, पारूबाई. काहीच बोलले नाहीत."

"मग बरं," म्हणत ती पायरीवर टेकली.

सरांनी वर जाऊन दार ढकललं. आत ओल्या मातीचा वास होता, आणि त्यात मिसळलेला घोंगड्याचा. खालच्या तालमीतला तबला मध्येच थांबला. चौथरा रिकामा होता. रोज पुसल्या जाणाऱ्या त्या फळीवर दोन पावलांभोवतीची रेघ होती, पांढरीशुभ्र, आत्ताच मारल्यासारखी.

"धोंडीबा..." ते चौथऱ्यापाशी गेले. "चुकलं माझं. तुम्ही विचारलं होतं... मोकळे व्हा."

फळी करकरली. घोंगडं झटकल्याचा आवाज आला. वहाणा सावकाश दारापर्यंत गेल्या, जिना उतरल्या.

खालून पारूबाईचा आवाज आला. "आलासा व्हय? चला मग, जतची येस्टी निघंल."

सरांना हायसं वाटलं. मस्तक उचलायला ते पुढं वाकू लागले, पण कंबर वाकेना. पाऊल उचलेना. नजर तेवढी खाली गेली.

त्यांच्या बुटांभोवती खडूची ताजी रेघ होती.

खाली माणसं जमू लागली. "सर, येताय ना?" कुणीतरी हाक मारली. त्यांना ओ देता येईना. छातीत बारीक कळ सुरू झाली होती. आणि "मोकळे व्हा" हे त्या वर्गात फक्त सरांनीच म्हणायचं असे.