तळ्याच्या राखणदारणीची गोष्ट

कोणीतरी मुलांना गोष्टीचा शेवट आधीच पढवून ठेवत होतं. कोण, याचा इतिहासाच्या नव्या शिक्षिकेला जवळजवळ पक्का संशय होता.

तिला या शाळेत जेमतेम चार महिने झाले होते. सनावळ्या घोकून घेण्याचा तिला तिटकारा. म्हणून तिने दंतकथांचा तास सुरू केला. गावातली एखादी कथा ती अर्ध्यावर सोडायची. मुलं त्यातली पात्रं व्हायची आणि शेवट स्वतः रचायची. शाळेमागच्या जुन्या तळ्याची मात्र एकही कथा कोणाकडून मिळेना. तेवढा धीर तिला कुठला? तिने ती घरी बसून रचली आणि ‘म्हाताऱ्या माणसांनी सांगितली’ असं ठोकून दिलं. तळ्याचं पाणी सोडायच्या भुयाराच्या दाराची राखणदारीण एका संध्याकाळी परतलीच नाही. कुठे गेली असेल?

तीन वर्गांनी, तीन वेगळ्या दिवशी, एकच शेवट केला. ती आतच होती. लोकांनी बाहेरून दार चिणलं. चपला तेवढ्या बाहेर राहिल्या, डावीचा अंगठा तारेने बांधलेला.

मुलं झोपेत दचकतात, अशा तक्रारी आल्या. मुख्याध्यापिकांनी बजावलं, "आज पुन्हा तसं झालं, तर तुमचा हा तास बंद."

शिक्षकांच्या खोलीत तिने इतिहासाच्याच जुन्या शिक्षकांना, मोठ्या सरांना, सरळ विचारलं, "मुलांना तुम्ही काही सांगता का?"

"मला कुठे तेवढा वेळ, पोरी!" सर वहीतून डोकं वर न काढता हसले. "बाकी गोष्ट झकास आहे हं. कोणत्या म्हाताऱ्याकडून मिळाली म्हणालीस?"

तिचे कान तापले. खरं सांगायची सोय नव्हती. बूट खटखटवत ती जिना चढली आणि चढता चढताच तिने गोष्ट बदलली. राखणदारीण नाही, होडीवाला. कागदावर नाही, कोणाजवळ बोललेली नाही. आता बघू, सर काय पढवतात!

"...आणि होडीवाला त्या संध्याकाळी परतलाच नाही," ती म्हणाली आणि थांबली.

खिडक्या बंद होत्या, तरी शेवाळाचा वास येत होता.

पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी समजावल्यासारखं म्हणाली, "होडीवाला नाही, बाई. ती होती. आत."

"कोण सांगतं तुम्हाला हे? मोठे सर ना?"

मुलं खुसखुसली. बाई गंमत करतायत, असं त्यांना वाटलं.

"तुम्हीच की! घंटा झाली की परत येता ना..."

"मी परत येत नाही."

"येता, बाई. पण तेव्हा तुम्ही खूप हळू बोलता..."

घंटा झाली. ती धावतच खाली गेली. सर त्याच खुर्चीत, त्याच वहीवर मान घालून बसले होते. ती तशीच उलटी फिरली, पुन्हा जिना चढली. वर्गाचं दार लोटलेलं होतं. आत कोणीतरी हलक्या आवाजात बोलत होतं आणि तो आवाज तिच्या चांगलाच ओळखीचा होता.

घंटा देणारी मावशी दारासमोर फडकं घेऊन ओणवी झाली होती. वर न बघताच ती कुरकुरली, "बाई, चपला बाहेर काढता त्या निदान पुसून तरी काढा. रोज फरशी ओली... आणि तो अंगठा तारेने किती दिवस बांधणार? नव्या घ्या की!"