बोळाचं नवं कुलूप

यात पदरचं एक अक्षरही नाही.

ज्या फाटकाची ही गोष्ट आहे, त्यातून मी दर आठवड्याला कचऱ्याचा डबा ओढत बाहेर नेते. आणि ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं, तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे. तुम्हाला खोटं वाटलं तर वाटू दे. खोटं निघालं तर मलाच जास्त बरं वाटेल.

गाव हॅकनशॉ. इंग्लंडच्या उत्तरेकडचं, बंद पडलेल्या गिरण्यांचं. रस्ता क्रॅबट्री स्ट्रीट. महिना नोव्हेंबर. आणि वेळ अपरात्रबिपरात्र काही नाही... संध्याकाळच्या जेवणाची. त्या दिवसांत आमच्याकडे चार वाजताच अंधार पडतो.

जॉयस एंटविसलचा सगळा जन्म या रस्त्यावर गेला. नवरा वारल्यापासून घरात ती आणि तिची लेक लिंडसी, दोघीच. लिंडसीला सगळे लिन म्हणत. पस्तिशीची, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं सगळं करायची आणि घरी आली की आईची खोडी काढायची.

आमच्या रस्त्यावर पुढचं दार कोणी वापरत नाही. पुढच्या दाराशी पोस्टमन येतो, पोलीस येतात, आणि शवपेटी निघते ती पुढच्या दारानेच. घरचं माणूस येतं ते मागून. घरांमागच्या बोळातून अंगणात, अंगणातून थेट स्वयंपाकघरात. लिन जन्मात कधी पुढच्या दाराने घरात शिरली नव्हती.

त्या साली चोऱ्यांना ऊत आला होता. चोरही बोळातूनच येत. शमीमच्या मुलांच्या सायकली गेल्या. डेरेक प्लॅटच्या शेडमधली हत्यारं गेली. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या बाईला तिच्याच स्वयंपाकघरात ढकलून पाडलं. पोलीस येत, तक्रारीचा नंबर देत आणि जात.

मग जॉयसनेच कंबर कसली.

रस्त्याचं राखण मंडळ निघालं. डेरेक अध्यक्ष, कारण तो निवृत्त बस ड्रायव्हर, त्याला मोठ्याने बोलायची सवय. काम सगळं जॉयसचं. गावच्या कौन्सिलच्या मागे हात धुऊन लागून तिने बोळाच्या दोन्ही टोकांना माणसापेक्षा उंच लोखंडी फाटकं बसवून घेतली. घरोघर किल्ल्या वाटल्या. चोऱ्या थांबल्या.

तेव्हा टवाळ पोरांना नवा खेळ मिळाला. अंधार पडला की फाटक धरून गदागदा हलवायचं आणि पळायचं. मंडळाने नियम केला. फाटक खडखडलं तर बाहेर जायचं नाही, ओरडायचं नाही. दिवा मालवायचा आणि पोलिसांना फोन करायचा.

हा नियम जॉयसनेच सुचवला होता.

पुढे कुणीतरी किल्लीच्या नकला काढल्याचं कळलं. कौन्सिलने कुलूप बदलायचं ठरवलं. ते बसायचं होतं त्या सकाळी लिन कामावर निघाली होती.

"नवं कुलूप बसतंय आज," जॉयस म्हणाली. "घरटी एकच किल्ली दिलीय. तुझी शनिवारी करून आणते. तोवर पुढच्या दाराने ये."

"पुढच्या दाराने? मी मेलेय का?"

"काहीतरी बरळू नकोस. ऐकलंस ना?"

"ऐकलं गं बाई, तिसऱ्यांदा ऐकलं. तू पोलिसात का नाही गेलीस?"

"उंचीत बसले नाही."

लिन हसत हसत मागच्या दाराने गेली.

संध्याकाळी जॉयसने ओव्हनमध्ये पाई भाजायला ठेवली. मांस आणि बटाट्याचं सारण भरलेली, लिनच्या आवडीची. रेडिओ लावला. अंधार पडला तशी मागच्या दाराला आतून कडी घातली. ही सवय मंडळानेच सगळ्यांना लावली होती.

आणि मग...

फाटक खडखडलं.

"आली कार्टी," जॉयस पुटपुटली.

तिने दिवा मालवला. फोन लावला. पलीकडून बाजा वाजायला लागला, मध्येच एक बाई थांबायला सांगत होती. एका कानात तो बाजा, दुसऱ्या कानात रेडिओ.

खडखड... खडखड...

आज कार्टी जरा जास्तच चेकाळलीत, असं तिला वाटलं.

खडखड...

मग थांबलं.

तेवढ्यात फोन उचलला गेला. "गेली वाटतं आत्ताच," जॉयस म्हणाली. "तरी लिहून ठेवा हो. रोजचंच झालंय." तिकडच्या माणसाने लिहून घेतलं. जॉयसने दिवा लावला आणि टेबलावर दोन ताटल्या मांडल्या.

पाई करपायला आली तेव्हा पुढचं दार वाजलं.

पोलीस होते.

बसथांब्यापासून दोघे जण लिनच्या पर्सच्या मागे लागले होते. ती पळत सुटली. घाबरलेल्या माणसाला कुठलं कुलूप आणि कुठला निरोप... पाय जन्मभराच्या सवयीने बोळाकडे वळले. हातातली किल्ली जुनी होती. फाटकाच्या बाहेरच तिला गाठलं. सुरा एकदाच मारला, पण तो पुरला.

हाक का मारली नाही तिने? जॉयस हे प्रत्येकाला विचारायची. आम्ही म्हणायचो, धावून दम लागला असेल. ती मान हलवायची आणि पुढच्या माणसाला तेच विचारायची.

दोघेही पकडले गेले, त्यांना जन्मठेप झाली. पर्स मिळाली. जुनी किल्ली मात्र कुणालाच सापडली नाही. आणि लिन पुढच्या दाराने निघाली.

वसंतात मंडळाची सभा झाली, चर्चच्या दालनात. एक तरुण पोलीस आला होता. बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. त्याने प्रोजेक्टर लावून भिंतीवर गावाचा नकाशा दाखवला, गुन्ह्यागणिक एक ठिपका. आमच्या रस्त्यावरचे ठिपके कसे कमी झालेत ते तो कौतुकाने सांगत होता. बोळाच्या फाटकाशी मात्र दोन होते, एकमेकांना चिकटून.

"एक गंभीर गुन्हा," तो म्हणाला. "आणि एक किरकोळ उपद्रव, त्याच संध्याकाळचा."

"तो माझा," जॉयस म्हणाली. "मी केला होता फोन."

डेरेकने उठून प्रोजेक्टर बंद केला.

मग पुन्हा नोव्हेंबर आला.

अंधार पडायच्या सुमारास जॉयस स्वयंपाकघरात बसली होती. रेडिओ तिने कधीच टाकून दिला होता. घर इतकं गप्प की ओव्हनचा पत्रा तापल्याचंही ऐकू यायचं.

तेव्हा तो आवाज आला.

खडखड नव्हती. आधी एक बारीकशी खरखर...

कुलपात किल्ली घातल्याची.

ती फिरेना. बाहेर निघाली. पुन्हा आत गेली...

आणि मग खडखड.

जॉयस बॅटरी घेऊन धावली. अंगण ओलांडून बोळात, बोळाच्या टोकाशी. फाटकापलीकडे कोणी नव्हतं. सगळ्या लोखंडावर पांढरं दंव धरलं होतं. फक्त कुलपाभोवती... तळहाताएवढी जागा ओली होती.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही.

शेवटी ती शमीमकडे गेली. शमीमचं घर फाटकाला लागून. "मला वेड लागलंय का गं?" तिने विचारलं.

शमीमने तिचा हात धरला. "मलाही येतो आवाज, जॉयस. मी कुठल्या तोंडाने तुम्हाला सांगणार होते?" आणि दोघी तिथेच दारात रडल्या.

त्या संध्याकाळी जॉयसने फाटक सताड उघडलं आणि विटेने अडवून ठेवलं. स्वतः शेजारी उभी राहिली.

अंधार झाला.

फाटक भिंतीला टेकलेलं. जागचं हलत नव्हतं. आणि तिच्या पुढ्यात, रिकाम्या हवेत...

खरखर.

खडखड... खडखड...

"लिन, उघडंच आहे गं," जॉयस म्हणाली. "बघ ना. ये ना आत."

खडखड चालूच राहिली. लिनसाठी ते फाटक अजून बंदच होतं.

जॉयस रोज फाटक उघडं ठेवायला लागली. आठवडा झाला नाही तोच डेरेकची शेड पुन्हा फुटली. सभा बोलावली गेली.

"तुझं दुःख आम्हाला कळत नाही असं नाही, जॉयस," डेरेक म्हणाला. आज त्याचा आवाज खाली होता. "पण इथे लहान मुलं आहेत. बोळ असा उघडा टाकून कसं चालेल? फाटकासाठी जिवाचं रान तूच केलंस ना?"

"मीच केलं. म्हणून तर..."

हात वर झाले. माझाही झाला. शमीमने तेवढा केला नाही. फाटक बंद ठेवायचं ठरलं.

"ठेवा बंद," जॉयस म्हणाली. भांडली नाही, रडली नाही. आम्हाला नवल वाटलं. तिच्या मनात काय होतं ते तिने नंतर मला सांगितलं. ती मला म्हणाली, "फाटक उघडून काय उपयोग? ती किल्लीच फिरवत होती. तिला किल्ली हवी होती. नवी."

दुसऱ्या दिवशी दुपारीच तिने हुकावरची नवी किल्ली काढली. तिला लाल फीत बांधली आणि फाटकाच्या बाहेरच्या बाजूने, कुलपाशेजारच्या भिंतीत, खिळ्याला अडकवली. चोरांना आमंत्रणच ते. डेरेकने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून घरात गेला.

मग तिने पाई केली. दोन ताटल्या मांडल्या. चहा झाकून ठेवला. अंधार पडू लागला तसे पडदे ओढले, दिवा लावला आणि दाराकडे तोंड करून बसली.

इथून पुढचं मी भिंतीपलीकडून ऐकलं.

खरखर... नेहमीची जुनी.

मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही.

मग एक वेगळा आवाज. टक्.

कुलूप उघडलं होतं.

फाटक करकरलं. बोळात पावलं वाजली. भराभर, टाचा आपटत चालायची लिनची चाल. मी ती वर्षानुवर्षं ऐकली होती. माझ्या हातातली बशी खाली पडली. पावलं अंगणात आली. मागच्या दाराशी थांबली.

दाराचा खटका वर झाला.

दार उघडलं नाही.

खटका पुन्हा वर झाला. दार ढकललं गेलं. आतून कडी होती.

जॉयसने दिवा लावताना कडी घातली होती. तिला आठवतही नव्हतं. अंधार पडला की हात आपोआप तिकडे जायचा.

"आले, आले गं राणी! थांब, आले!"

खुर्ची पडल्याचं मी ऐकलं. कडी घट्ट होती, म्हाताऱ्या बोटांना सरकेना. ती दार आतून बडवत होती, बाहेरून खटका वरखाली होत होता. मायलेकींच्या मध्ये एवढंसं लाकूड...

मग बाहेरचा खटका थांबला.

मग कडी निघाली.

त्यानंतर जॉयसने फोडलेला हंबरडा मी विसरायचा खूप प्रयत्न केला. जमलं नाही.

मी धावत गेले तर ती रिकाम्या अंगणात गुडघ्यांवर बसली होती. बोळाचं फाटक हळूहळू हलत होतं. खिळा रिकामा होता. लाल फितीची किल्ली आजतागायत कुणाला मिळालेली नाही.

दुसऱ्या दिवशी डेरेक पेचकस घेऊन आला. कोणी सांगितलं नव्हतं. त्याने मागच्या दाराची कडी खोलून काढली, स्क्रू खिशात टाकले आणि तसाच उभा राहिला. "चहा घेतोस?" जॉयसने विचारलं. तो मान खाली घालूनच प्यायला.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. फाटक पुन्हा कधी खडखडलं नाही. आमचा रस्ता गावात सगळ्यात सुरक्षित आहे म्हणे, नकाशावर एकही ठिपका नाही. जॉयसचं मागचं दार संध्याकाळी लोटलेलं असतं फक्त. टेबलावर दोन ताटल्या असतात. ती दाराकडे तोंड करून बसते. कानांनी तिला आता कमी ऐकू येतं.

इथवर ठीक होतं. पण हे लिहायचं कारण वेगळंच आहे.

गेल्या आठवड्यात अंधार पडताना भिंतीतून एक आवाज आला. हळू, संकोचून केलेला.

टक् टक्...

मी आधी मागे जाऊन बघितलं. बोळ गप्प होता. आवाज पुन्हा आला, तेव्हा कळलं. तो दुसऱ्या बाजूने येत होता.

जॉयसच्या पुढच्या दारावर कोणीतरी टकटक करत होतं.

मी माझ्या खिडकीचा पडदा सरकवला. पायरीवर कोणी नव्हतं. सगळ्या दारावर दंव होतं, आणि दार ठोकायच्या कडीशी मात्र... तळहाताएवढी जागा ओली.

"तोवर पुढच्या दाराने ये." शेवटी आईचं ऐकलं पोरीने.

आणि आई मागच्या खोलीत बसलीय, मागच्या दाराकडे बघत. तिला ऐकू जात नाही.

जाऊन सांगावं, तर आमच्या रस्त्यावर पुढच्या दाराने निघालेलं माणूस परत येत नाही, आणि जॉयस तिच्यामागोमाग निघेल. न सांगावं, तर ती पोर थंडीत उभी आहे. रोज ठरवते की उद्या सांगेन. रोज अंधार पडला की भिंतीला कान लावून बसते.

आजही आली आहे. अजून वाजवतेय.