तांब्याचं वळं घातलेली भेटकी

हे ऐकीव नाही. माझ्या स्वयंपाकघरात घडलं, माझ्याच हातून. खोटं म्हणायचं असेल तर मला तोंडावर म्हणा.

साल १९५३. पौषातला रविवार. कलकत्त्यात बागबाजारला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. मी, आमचे हे आणि पाच वर्षांची लीना.

ह्यांची नोकरी पोस्टातली, आणि रविवारचा नाद गळाचा. शहराच्या पूर्वेला खाऱ्या पाण्याची मोठी तळी आहेत. भेडी म्हणतात त्यांना. खालच्या मजल्यावरचे नीरदबाबू आणि हे सकाळीच तिकडे जात. दिवसभर उन्हात बसत. मासा लागला की गळ काढून परत पाण्यात सोडत... आणि घरी येऊन मला सांगत, आज चार मिळाले.

मी अलिबागची. आमच्याकडे कोणी असं केलं तर घरचे वैद्याला बोलावतील.

"ठेवायचा नाही तर धरता कशाला?" मी विचारायची.

"धरायची मजा माझी. जीव त्याचा," हे म्हणायचे.

त्या रविवारी माझा भाऊ मुकुंद यायचा होता. नीरदबाबू खोकल्याने घरीच होते. मी ह्यांना बजावलं, रिकाम्या हाताने आलात तर पाहुण्याच्या पानात तुमची तत्त्वं वाढीन.

दिवेलागणीला हे आले. पिशवीत हातभर लांब भेटकी. म्हणजे आमचा जिताडाच.

साफ करताना बोटाला काहीतरी टोचलं...

शेपटीजवळच्या पराला तांब्याच्या तारेचं बारीक वळं ओवलेलं होतं.

ह्यांनी ते अंधुक उजेडात पाहिलं नव्हतं. आता पाहिलं आणि चेहरा उतरला. म्हणाले, हा कोणीतरी मुद्दाम सोडलेला दिसतो, आणायला नको होता. मी म्हटलं, मेलेला मासा आता परत कोणाला करणार? कोळ्यांची काही खूण असेल.

कालवण चांगलं झालं होतं. खोटं कशाला सांगू.

वळं लीनाला आवडलं. तिच्या बोटात अगदी बरोबर बसलं.

सोमवारी दुपारी हे कचेरीत होते. मुकुंद शहर बघायला गेला होता. लीना झोपलेली. मी तांदूळ निवडत होते.

जिन्यावर पावलं वाजली.

थप... थप...

अनवाणी. ओली. लहान मुलाची असावीत तशी.

दाराशी येऊन थांबली. मी दार उघडलं...

कोणी नव्हतं.

मागे वळले, तर फरशीवर ओले ठसे. उंबऱ्यापासून लीनाच्या अंथरुणापर्यंत.

परत फिरल्याचा एकही नव्हता.

लीना डोळे उघडे ठेवून पडली होती. अंग गार. तोंड उघडायचं, मिटायचं... उघडायचं, मिटायचं. कपाळाला ओठ लावले, तर खारट.

"आई, ती विचारतेय, माझं वळं तू का घातलंस?"

मी वळं ओढलं. निघेना. तेल लावलं. तरी निघेना.

ओरडतच जिन्यात गेले. नीरदबाबू वर आले, लीनाचं बोट पाहिलं आणि घाईघाईने सांगू लागले. भेडीवरच्या एका कोळ्याची मुलगी तापाने मरणाला टेकली होती म्हणे. बापाने तिच्या नावाने एक भेटकी वळं घालून पाण्यात सोडली, आणि मुलगी उठली. तिथे गळ टाकणाऱ्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. वळं दिसलं की ते मासा सोडून देत. आम्ही परके. आम्हाला सांगायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

"बौदी," वहिनीला म्हणतात तसं ते म्हणाले, "खाल्लात का तो?"

मी मान डोलावली.

लीनाला उचललं. रिक्षाने उल्टाडांग्यापर्यंत आणि पुढे बांधावरून पायी. नीरदबाबू खोकत पुढे, मी मागे. लीनाचा श्वास येई... आणि मग बराच वेळ येतच नसे.

कोळ्याच्या झोपडीत चूल पेटलेली नव्हती. रडण्याचा आवाज नव्हता. कोपऱ्यात एक छोटी चटई गुंडाळून ठेवलेली.

मुलगी काल दिवेलागणीनंतर गेली होती. खेळता खेळता.

मी काही लपवलं नाही. मोडक्या बंगालीत सगळं सांगितलं. वाटलं, हा माणूस मला पाण्यात ढकलेल. ढकललं असतं तरी मी काय बोलणार होते?

तो उठला. जाळं टाकून एक जिवंत भेटकी धरली. ती पाण्यातच धरून ठेवायला नीरदबाबूंना सांगितलं, आणि लीनाचा हात हातात घेतला.

वळं अलगद निघालं.

माशाच्या पराला ते ओवताना त्याने एवढंच विचारलं, "नाम की?"

"लीना."

मासा सुटला. लीना माझ्या खांद्यावर खोकली. म्हणाली, भूक लागली.

आज सहा वर्षं झाली. लीना अकरा वर्षांची आहे, हट्टी आहे, मराठीत निम्मं बंगाली मिसळते. ह्यांनी गळ सोडला नाही. मीच सोडू देत नाही. दर रविवारी भेडीवर जाऊन गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, वळं दिसलं तर मासा सोडा. काही जण हसतात.

गेल्या रविवारी दुपारी लीना गणितं सोडवत होती. मध्येच थांबली.

"आई... ओठाला काहीतरी टोचलं."

मग मान एका बाजूला ओढली गेली. तोंड उघडलं, मिटलं. अंग माझ्या हातांत गार पडत गेलं.

मी नुसती धरून बसले. तिकडे भेडीवर कोणीतरी मासा हातात घेऊन विचार करत असणार, ठेवू की सोडू...

किती वेळ गेला, सांगता येणार नाही.

मग लीनाने एकदम श्वास घेतला.

संध्याकाळी हे आले ते पांढरेफटक. डमडमहून आलेल्या एका नव्या माणसाला ती भेटकी लागली होती. तो पिशवीत घालणार, तेवढ्यात एक लहान मुलगी जवळ आली. केस ओले. तिने मासा त्याच्याकडून मागून घेतला. त्याला वाटलं, कोळ्याची कोणी असेल.

"मग तिने लगेच सोडला ना?" मी विचारलं.

ह्यांनी गळ कोपऱ्यात ठेवला.

"नाही," म्हणाले. "हातात धरून खूप वेळ त्याच्याकडे बघत उभी होती म्हणे."