कोरडी पट्टी

मावशींनी इंजिनाखालचा नट सोडला आणि काळ्या तेलाची धार घमेल्यात पडू लागली. ती थांबायचं नावच घेईना.

त्या चक्रावल्या. आत्ताच तर तेल मोजायची पट्टी जवळजवळ कोरडी निघाली होती. त्या हिशोबानं अडीच लिटर तेल निघालं तरी पुष्कळ. मापानं मोजलं, तर चार लिटर भरलं. आणि या इंजिनाची भूकच मुळी साडेतीन लिटरची!

बापामागं वीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या मावशींना असला चमत्कार पहिल्यांदाच दिसत होता. त्या हात पुसत बाकाकडे वळल्या.

बाकावर गाडीची मालकीण बसली होती. पेशानं नर्स. पाठीला भिंत, आणि तिच्या नि दाराच्या मध्ये तिचा नवरा उभा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. मावशींच्या नाकावरचा चष्माही त्याच्याच हातचा.

"दांड्या कानाला टोचत नाहीत ना, मावशी?" त्यानं आल्याआल्या आपुलकीनं विचारलं होतं.

"गाडी तेल कधीपासून पिते?" मावशींनी नर्सला विचारलं.

"सहा महिने झाले," नवराच बोलला. "दोन गॅरेजं झाली. रिंगा बदलल्या, सील बदलले. म्हाताऱ्या गाडीला किती औषधपाणी करायचं? मी म्हणतो, भंगारात काढू."

"मी हिला विचारलं."

नर्सनं नवऱ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मोठ्या इस्पितळातल्या नोकरीचा अर्ज केला, त्याच सुमारास. आता ती मिळालीय, पण ऐंशी किलोमीटर जायचं आहे. बस नाही."

"पाचच्या आत त्यांना नकार कळवायचाय," नवरा म्हणाला. "निरोप लिहून दिलाय मी हिच्या फोनमध्ये. नुसतं बोट लावायचंय."

घड्याळात साडेचार झाले होते. नर्सनं फोन असा धरला होता, जणू हातात निखारा आहे.

"तेल कोण ओततं?"

"मीच. पट्टी कोरडी दिसली की वरच्या खुणेपर्यंत ओतते. आठवड्यात पुन्हा कोरडी! मग निळा धूर..."

"गाडी आणखी कोण हाताळतं?"

"हे रविवारी धुतात. आणि दीर अधूनमधून नेतात. ते वेल्डर आहेत. गाडी मला द्या म्हणून मागे लागलेत."

मावशींनी इंजिनातली हवा गाळायची जाळी काढली. तेलानं चिंब. मग फडताळातून त्याच जातीच्या गाडीची जुनी पट्टी काढली आणि दोन्ही पट्ट्या बाकावर शेजारी शेजारी ठेवल्या.

नर्सच्या गाडीची पट्टी दोन बोटं आखूड होती.

"इंजिन निर्दोष आहे," मावशी म्हणाल्या. "लबाड आहे ती पट्टी. कुणीतरी तिचं टोक कापलं आणि खुणा दोन बोटं वर कोरल्या. तेल पुरेसं असलं तरी ही कोरडीच निघणार. मग तू आणखी ओतणार. इंजिनात ते जास्तीचं तेल घुसळलं जातं, फेसाळतं, हवेच्या नळीतून वर चढतं आणि जळतं. जास्तीचं जळून गेलं की पट्टी पुन्हा कोरडी. गॅरेजवाल्यांनीही याच पट्टीवर विश्वास ठेवला."

"म्हणजे माझा भाऊ!" नवरा ताडकन म्हणाला. "लोखंड कापणं त्याच्या हातचा मळ. गाडीवर डोळा होताच त्याचा."

"मलाही आधी तसंच वाटलं. पण वेल्डर मशीननं कापतो. कड करपते, खरखरीत राहते. ही बघा." मावशींनी टोकावरून अंगठा फिरवला. "बारीक कानशीनं घासून गोल केलीय, वर चकाकी दिलीय. पट्टी जाते इंजिनात. तिथं ती कुणाच्या कानाला टोचणार होती, चष्मेवाले?"

त्याचा हात नकळत खिशातल्या बारीक कानशीवर गेला.

"हाताला वळण लागलेलं असतं," मावशी म्हणाल्या. "पाप करतानाही ते सुटत नाही."

त्यानं हात खिशातून काढला. मग तो पुटपुटला, "काळजीपोटी केलं. एवढ्या लांब एकटी... काही बरंवाईट झालं असतं तर?"

"झालंच होतं की," नर्स उठून उभी राहिली. "घाटात गाडी बंद पडली. धुरानं काही दिसत नव्हतं, मागून ट्रक येत होते. तुम्ही न्यायला आलात आणि म्हणालात, बघ, मी नसतो तर! सहा महिने मला वाटत होतं, माझाच पायगुण वाईट."

तिनं फोनमधला निरोप पुसला आणि नंबर लावला. "सोमवारी हजर होते," ती म्हणाली.

मावशींनी नवी जाळी बसवली, साडेतीन लिटर तेल भरलं, खरी पट्टी खोचली. नर्सनं आत बसून किल्ली फिरवली आणि इंजिन एका दमात सुरू झालं. धूर नाही.

नवऱ्यानं शेजारचं दार उघडायला हात लावला. दार आतून बंद होतं.

काच दोन बोटं खाली आली. "दुकान जवळ आहे. चालत जा."

अरुंद अंगणात गाडी वळवताना तिला चारदा मागेपुढे करावं लागलं. मावशींच्या तोंडावर "उजवीकडे घे" आलं होतं. पण त्या गप्प राहिल्या. पाचव्या खेपेला गाडी सुटली आणि रस्त्याला लागली.