मुलांनी ठेवलेली नावं

माझी जुनी शाळा मुलं कमी पडली म्हणून बंद झाली आणि वर्षाच्या मधेच मला या शाळेत पाठवलं गेलं. मधेच उगवलेल्या मास्तराचं स्वागत सगळीकडे सारखंच होतं. स्टाफरूममधली बरी खुर्ची कोणाची तरी असते, खिडकीजवळची आणखी कोणाची, आणि आपल्या वाट्याला दारामागची येते. कोणी दार उघडलं की ती गुडघ्यावर आदळते. मी विज्ञान शिकवतो. प्रयोगशाळेची किल्ली माझ्या हातात ठेवताना मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सामान मोडलं तर तुमची जबाबदारी." आत गेलो तर सामान आधीच मोडलेलं होतं. नळाला पाणी नव्हतं, बेसिनवर आम्लाचे तपकिरी डाग होते आणि कपाटातल्या परीक्षानळ्यांना वर्षानुवर्षांची धूळ चिकटली होती.

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. व्हरांड्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला की वर्ग आपोआप गप्प व्हायचे, आणि शिक्षकही. भाषेच्या बाई सडपातळ, पन्नाशीच्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात. माझ्याशी धड बोलले ते फक्त गणिताचे सर. ते इतके लठ्ठ होते की दोन बाकांमधून फिरताना त्यांना तिरकं व्हावं लागे. पहिल्याच दिवशी त्यांनी आपला डबा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "घ्या सर. मी कमी खाल्लं तर घरचे खूश होतील."

मुलीलाही मी याच शाळेत आठवीत घातलं होतं. जाता-येता सोबत होईल, एवढाच विचार. शाळेची खरी ओळख मला तिच्याकडूनच झाली. कोणत्या जिन्यात कोण भांडतं, कोणत्या बाकाखाली कोण खाऊ लपवतं, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, हे सगळं ती रात्री जेवताना सांगायची.

"बाबा, गणिताच्या सरांना काय म्हणतात माहितीये? काठी."

मला ठसकाच लागला. बायकोने पाठीवर थोपटलं, पण तीही हसत होती.

"आणि मोठ्या बाईंना पाहुणी. भाषेच्या बाईंना कडी."

"पाहुणी?" मी म्हणालो. "त्या तर इथेच म्हाताऱ्या झाल्या. तुमच्या शाळेतल्या मुलांना नावं ठेवता येत नाहीत बुवा."

जुन्या शाळेत मला ब्युरेट म्हणायचे, प्रयोगशाळेतली ती तोटीची लांब काचनळी. उंच, किडकिडीत, आणि बोलणार तेही थेंब थेंब. नाव कसं, माणसाला चपखल बसायला हवं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी हे स्टाफरूममध्ये हसत हसत सांगितलं. कोणी हसलं नाही. गणिताच्या सरांचा हात डब्यावर थांबला. मग त्यांनी झाकण लावलं, अगदी हळू, आवाज न करता.

"काठी?" त्यांनी विचारलं. "नक्की?"

"पोरं काय, काहीही म्हणतात," मी म्हणालो.

भाषेच्या बाई वही तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सर, मुलांनी ठेवलेली नावं घरी ऐकत जाऊ नका."

मला वाटलं, यांना विनोदाचं वावडं आहे. मधेच आलेल्या माणसाला जागा दाखवायची ही एक रीत.

पुढच्या काही आठवड्यांत गणिताच्या सरांच्या पट्ट्याला नवी भोकं पडली. आधी ते कौतुकाने दाखवायचे. मग दाखवेनासे झाले. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली आणि गळा त्यातून एकटाच वर आलेला दिसू लागला. सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त चांगलं, फुप्फुसं चांगली, भूकही चांगली. डॉक्टरांनी काळजी करू नका म्हणून सांगितलं, आणि म्हणून सरांच्या बायकोने जास्तच काळजी केली. स्टाफरूममध्ये मात्र कोणी त्यांना तब्येतीचं विचारत नसे. त्यांचे तास कोणाच्या गळ्यात पडणार, यावर कुजबुज चालायची, तीही ते समोर बसलेले असताना.

मला विचित्र वाटली ती मुलं. आजारी मास्तराची नक्कल करणं हा मुलांचा जन्मसिद्ध हक्क. इथे कोणी केली नाही. सर जिना चढू लागले की दोन मुलं आपोआप मागे उभी राहत. एक मुलगी त्यांचा फळ्यावरचा मोठा लाकडी गुण्या वर्गापर्यंत नेऊन देई. त्यांच्या चेहऱ्यावर दया नव्हती. ठरलेलं काम करणाऱ्या माणसाचा शांतपणा होता.

योगायोग, मी स्वतःला सांगत होतो. लठ्ठ माणूस बारीक होणं काही आक्रीत नाही.

मग एका सकाळी मी प्रार्थनेआधी ऑफिसकडे गेलो, तर मोठ्या बाई स्वतःच्याच केबिनबाहेर, पालकांसाठी ठेवलेल्या बाकावर बसल्या होत्या. इस्त्रीची साडी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

"नमस्कार बाई. किल्ली नाही का मिळाली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि छान हसल्या. इतक्या महिन्यांत त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मी थांबते ना," त्या म्हणाल्या. "घाई नाही. इथल्या मोठ्या बाई आल्या की तेवढं सांगाल?"

मला वाटलं, चेष्टा. पण त्या तशाच हसत राहिल्या, परक्या घरी बसलेलं माणूस हसतं तसं. त्यांच्या डोक्यावर त्यांच्याच नावाची पितळी पाटी होती. बाकावर शेजारी पाण्याचा पेला ठेवलेला होता. झाकलेला.

मी शिपायाला विचारलं. त्याने ठेवला नव्हता. तेवढ्यात मुलांच्या रांगा प्रार्थनेला निघाल्या. बाईंसमोरून जाताना एरवी माना खाली घालणारी मुलं आज एकेक करून त्यांच्याकडे बघत होती आणि हलक्या आवाजात म्हणत होती, "या बाई."

दुपारी त्यांचा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. फाटकाशी त्यांनी त्याला विचारलेलं मी ऐकलं, "शाळा चांगली आहे रे. इथे कोणाला घालायचंय?"

मधल्या सुट्टीपर्यंत खुर्ची कोणाला मिळणार याची चर्चा सुरूसुद्धा झाली होती. दोघांनी एकमेकांच्या जुन्या चुका बाहेर काढल्या. शेवटी काम भाषेच्या बाईंकडे आलं, कारण त्यांचं कोणाशी वैर नव्हतं. कोणाशी मैत्रीही नव्हती.

मी त्यांना केबिनमध्ये जाऊन गाठलं आणि सरळ विचारलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"मला कडी म्हणायला लागले तेव्हा माझं लग्न ठरलं होतं," त्या म्हणाल्या. "आमचं घर माणसांनी भरलेलं. झोपायला जागा नसायची, दार कधी लागायचं नाही. मी खूप हसले होते. कडी! म्हटलं, मी कडीसारखी किरकिर वाजते म्हणून असेल." त्या थांबल्या. "आता संध्याकाळी आतून कडी मीच घालते आणि सकाळी मीच काढते. लग्नाचं काय झालं, घरातले कसे गेले, ते सांगत बसत नाही. प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. सगळी कारणं पटण्यासारखी होती."

"पण नावं ठेवतं कोण?"

"मी शोधलं नसेल असं वाटतं तुम्हाला? ओरडून पाहिलं, गोंजारून पाहिलं. मुलं दरवर्षी बदलतात. नावं चालू राहतात."

"मग नोकरी का नाही सोडली?"

"सोडून गेलेल्यांची नावं सुटली असती तर सोडली असती."

मी उठलो. दारापर्यंत गेल्यावर विचारलं, "माझं काय आहे?"

"मास्तरांना ते आपोआप कळत नाही. मुलांनाच माहीत. तुमची मुलगी आहे की." त्यांनी समोरचे कागद जवळ ओढले. "मी तुमच्या जागी असते तर विचारलं नसतं."

मी विचारलं. त्याच दिवशी, घरी चालत जाताना.

"ही नावं तुला कोणी सांगितली?"

"कोणीच नाही. असतंच ते. सर वर्गात आले की कळतं."

"म्हणजे कोणीतरी बोलतं, मग कळतं."

"नाही बाबा. आधी कळतं, मग बोलतात."

"आणि माझं?"

तिने दप्तर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"तुमचं नाही अजून," ती म्हणाली.

माझ्या मुलीला खोटं बोलता येत नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी फार चांगलं वागू लागली. वाद नाही, हट्ट नाही, तोंड वर करून बोलणं नाही. सुट्टीच्या दिवशी ती मला हाताला धरून स्वयंपाकघरात न्यायची. "बाबा, तुम्हाला कुकर लावता यायला हवा." मग वॉशिंग मशीनची बटणं. मग आई सुई-दोरा कुठे ठेवते, घराची कागदपत्रं कुठल्या पिशवीत आहेत. "लेक बापाला शहाणं करतेय," म्हणून बायको हसायची. मी शिकत होतो. नको म्हणायचं धैर्य होत नव्हतं, कारण नको म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं.

एके दिवशी माझा तोल गेला. दहावीचा वर्ग होता. मी फळ्यावर भिंगाची आकृती काढत होतो आणि माझ्या पाठीमागे इतकी शांतता होती की खडूचा आवाज मलाच सोसवेना. मी वळलो. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. आकृतीकडे कोणीच नाही.

"माझं नाव काय ठेवलंय?" मी विचारलं.

समोरच्या मुलाने पेनाला टोपण लावलं.

"सांगा! शिक्षा करणार नाही. नुसतं सांगा."

मी टेबलावर हात आपटला. डस्टर खाली पडलं. हसली असती तर बरं झालं असतं. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली, डस्टर उचलून जागेवर ठेवलं, आणि म्हणाली, "सर, आम्ही ठेवत नाही."

"मग कोण ठेवतं?"

"आम्हाला माहीत नाही. आम्ही नुसती हाक मारतो." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुम्हाला अजून मारली नाही, सर. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. जमेल तितके दिवस."

त्या आठवड्यात मी मुलीचा दाखला काढला आणि तिला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत घातलं. बायकोने कारण विचारलं. शाळेचा दर्जा, मी म्हणालो. मी स्वतः कुठे जाणार होतो? माझ्या वयाच्या विज्ञानाच्या मास्तरासाठी कोणी दारं उघडून बसलेलं नसतं. गणिताचे सर तोवर दीर्घ रजेवर गेले होते. मी भेटायला गेलो तेव्हा पलंगावरची चादर सपाट दिसत होती. ते तिच्याखालीच होते.

मुलगी नव्या शाळेत रमली. तिथल्या शिक्षकांची नावं तिने कधी सांगितली नाहीत. मीही विचारली नाहीत. घरात पुन्हा वाद होऊ लागले आणि त्या आवाजाने मला शांत झोप लागायला लागली.

वार्षिक परीक्षेनंतर बायकोने तिच्या बहिणीकडे जायचं ठरवलं, मुलीला घेऊन, चार दिवस. मला पेपर तपासायचे होते. निघायच्या दिवशी दुपारी मी पुढच्या खोलीत गठ्ठा सोडून बसलो होतो. मुलगी उंबऱ्याशी बुटांच्या नाड्या बांधत होती. बायको आत बॅग भरत होती. आमच्या घरात ती मला "अहो" म्हणते. लग्न झाल्यापासून दुसरी हाक तिने मारलेली नाही. त्या शाळेत तिने कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

"उरलेले," तिने आतून हाक मारली, "जरा ती बॅगेची चेन लावून द्या ना."

"ओ, आलो," मी म्हणालो, आणि उठलोसुद्धा.

मग पाय थांबले.

मुलीचे हात नाडीवर थांबले होते. तिने वर पाहिलं नाही.

मी त्यांना जाऊ दिलं नाही. बॅग हिसकावून कपाटावर टाकली. दाराला आतून कुलूप लावून किल्ली खिशात घातली. बायको चिडली, रडली, बहिणीला फोन करून माझ्याबद्दल वाटेल ते बोलली. मी सगळं ऐकून घेतलं. बोलू दे, म्हटलं. दोघी घरात आहेत, डोळ्यांसमोर आहेत. आणखी काय हवं होतं मला?

"तू मला मघाशी काय हाक मारलीस?" मी तिला विचारलं.

"अहो म्हटलं. काय म्हणणार दुसरं?"

मुलीने बूट काढून जागेवर नीट ठेवले.

संध्याकाळ झाली. दिवे लावले. बायकोचा राग हळूहळू उतरला, आणि ती नेहमीसारखी स्वयंपाकाला लागली. भांड्यांचे आवाज, फोडणीचा वास, मुलीचं काहीतरी गुणगुणणं. मी दारात उभा राहून दोघींना पाहत होतो. इतकं साधं दृश्य मी कधी इतकं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. मग हात धुऊन येऊन बसलो.

समोर ताट होतं. एकच.

दोघी माझ्या दोन्ही बाजूंना बसल्या, हात मांडीवर ठेवून.

"तुमची ताटं?" मी विचारलं.

"तुम्ही जेवा," बायको म्हणाली. तिचा आवाज अगदी मऊ होता. "आमचं झालं."

ओट्यावर भाताचं पातेलं होतं. माझ्या ताटात वाढलेल्या एका मुदीपुरता खड्डा सोडला, तर भात काठोकाठ होता.